पंचवीस तारखेचं थेट प्रक्षेपण

१

पुतण्याने दार उघडलं तेव्हा तबकडीकाका माळ्याच्या शिडीखाली पालथे पडले होते आणि टेबलावरची तबकडी अजून फिरत होती. गाणं संपलेलं होतं. सुई तबकडीच्या अगदी बाहेरच्या कडेला एकाच खाचेत करकरत होती. सोमवार होता, दुपारचे बारा वाजले होते. काकांचं अंग गार पडलं होतं आणि मान जशी वळू नये तशी वळली होती.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेला हा माणूस. बायको नाही, पोर नाही. एकच वेड. नाचायला लावणाऱ्या जुन्या स्विंग बँडांची रेडिओवर थेट वाजलेली, कुणीतरी टिपून ठेवलेली गाणी शोधायची. दुकानात मिळणारी तबकडी तीन मिनिटांत गाणं गुंडाळते. रेडिओवर मात्र समोर नाचणारी माणसं असली की बँड थांबायचा नाही, वेग चढत जायचा, मधेच कोणी ओरडायचं, हसायचं. "दुकानातल्या गाण्यावर पाय हलतात हो," काका म्हणायचे, "पण थेट गाण्यावर पाय ऐकत नाहीत." जुन्या घरांचे माळे, बंद पडलेल्या नाचघरांच्या अडगळीच्या खोल्या, भंगारवाले, काही म्हणता काही त्यांनी सोडलं नव्हतं.

फौजदाराने पंचनामा केला आणि तासाभरात हिशेब मांडला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोमवारी सकाळी दहाच्या बातम्या लावल्या, तेवढ्यात वरून ट्रम्पेट सुरू झालं. बाई वैतागून रेडिओ बंद करून बाजारात निघून गेल्या. म्हणजे तबकडी दहाला लागली. सुई सुरुवातीच्या कडेला आहे. म्हणजे गाणं सुरू होताच म्हातारा शिडीवरून पडला, त्या धक्क्याने सुई मागे उडाली आणि तिथेच अडकली. मृत्यू दहा वाजून एक-दोन मिनिटांनी.

अपघात म्हणून त्याने कागद मिटलाही असता. पण टेबलावर एक रिकामा खोका होता. त्यावर काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : "स्पूल. पंचवीस तारीख?" आतली टेप गायब.

आणि खालच्या बाईंना अजून काही सांगायचं होतं. "शुक्रवारी ती नाच शिकवणारी आली होती. जिन्यापर्यंत आवाज येत होता. 'काका, ती टेप मी घेऊन जाणार म्हणजे जाणार, बघाच तुम्ही!' असं ओरडली. तिच्याकडे किल्लीही असते. आणि सोमवारीही आली होती, पावणेदहाला."

फौजदार नाचाच्या हॉलवर पोचला. नाच शिकवणारी खिडकीपाशी उभी होती. तिच्या शेजारी खुर्चीवर बसलेल्या बाईंना पाहून त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला. तीस वर्षं अपमृत्यूंच्या चौकशा केलेली त्याची जुनी वरिष्ठ अधिकारी तिथे बसली होती.

"बस," ती म्हणाली. "ही माझी भाची. आता विचार काय विचारायचंय ते."

२

भाचीला सगळे चिमणी म्हणत. अडतीस वर्षांची झाली तरी चिमणीच. दोन वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून मावशीनेच तिला वाढवलं.

"सोमवारी मी माफी मागायला गेले होते," चिमणीने सांगितलं. "काका खुशीत होते. म्हणाले, तारखेचं आज कळेल, रविवारच्या नाचाला टेप तुझ्या हातात देतो. मी दहाला पाच कमी असताना निघाले. सव्वादहाला माझा वर्ग सुरू झाला, बाराजण हजर होते."

"आणि पाच कमी ते सव्वादहा?"

"चालत होते."

"कोणी पाहिलं?"

चिमणीने नकारार्थी मान हलवली. फौजदाराने वहीत काहीतरी लिहिलं आणि शहर सोडून जायचं नाही असं बजावून तो गेला.

"टेपेसाठी एवढी ओरडलीस?" मावशीने विचारलं. "काय होतं त्या टेपेत?"

"बाबांचा बँड. कुठल्यातरी श्रोत्याने घरी रेडिओपुढे यंत्र ठेवून टिपलेला. पंचवीस तारखेचा कार्यक्रम, मावशी."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. पंचवीस तारीख म्हटल्यावर पुढे महिना-वर्ष सांगायची त्या घरात गरज नव्हती. छत्तीस वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी, साडेसात ते पावणेआठच्या दरम्यान, मावशीची थोरली बहीण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडली होती. ती त्याच बँडची गायिका होती आणि बँडच्या मास्तरांची बायको.

"बाबा नेहमी म्हणतात, तुझी आई गेली तेव्हा मी रेडिओवर वाजवत होतो. ते काय वाजवत होते ते मला सगळं ऐकायचं होतं, काकांनी एकच गाणं उतरवून दिलं होतं. काका म्हणाले, तारीख नक्की झाल्याशिवाय मी हातातली वस्तू सोडत नाही, खोट्या तारखेची टेप म्हणजे खोटं नाणं. मला तारीख घेऊन काय करायचं होतं? माझं डोकंच फिरलं."

मावशीने भाचीच्या पाठीवर हात ठेवला आणि छत्री घेऊन ती काकांच्या खोलीकडे निघाली.

पुतण्या खोलीतच भेटला. तबकड्यांच्या रांगांकडे तो वैऱ्याकडे पाहावं तसा पाहत होता. "खोली रिकामी करा म्हणून मी काकांच्या मागे लागलो होतो, खोटं कशाला बोलू? पण सोमवारी साडेअकरापर्यंत मी कारखान्यात होतो. फाटकावरचं कार्ड बघा."

"शिडीवर कोण चढायचं?"

"मी, नाहीतर चिमणीताई. काकांच्या कानात दोष होता, दोन पायऱ्या चढले तरी गरगरायचं. दिवा बदलायलासुद्धा मला बोलवायचे."

"मग त्या दिवशी चढले कसे?"

"तेच म्हणतोय मी. कुणी फारच मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय काका शिडीला हात लावणार नाहीत."

मावशीने पंचनाम्याची नक्कल उघडली. "कचऱ्याच्या टोपलीत रक्ताळलेला कापसाचा बोळा, एक." फौजदाराने पुढे लिहिलं होतं, जखम पुसण्याचा प्रयत्न. मावशीने कपाट, मोरी, खण सगळं पाहिलं. घरात कापसाचं पुडकं नव्हतं. आणि काकांच्या डोक्याला खोक नव्हतीच, मान मोडली होती.

"काका दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते का एवढ्यात?"

पुतण्याला अशा वेळीही हसू आलं. "दात कुठे होते त्यांना? पंधरा वर्षं दोन्हीकडे कवळी."

टेलिफोनशेजारच्या वहीत काकांनी गेल्या आठवड्यात फिरवलेले तीन नंबर होते. पहिला चिमणीचा. दुसरा रेडिओच्या जुन्या निवेदकाचा. तिसरा नंबर मावशीला पाठ होता. तो तिच्या मेहुण्याचा, मास्तरांचा होता.

३

मास्तरांचा जबाब फौजदाराने आधीच घेतला होता. काकांनी फोन करून जुनी तारीख विचारली, आपल्याला आठवली नाही, त्यांच्या घरी आपण गेलोही नाही, असं ते म्हणाले होते. सोमवारी साडेनऊ ते दहा वाजून दहा मिनिटं ते दाढ काढायला डॉक्टरांच्या खुर्चीत होते. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. दवाखाना काकांच्या घरामागच्या गल्लीत, पण दहाला मेलेल्या माणसाशी त्यांचा संबंध काय?

मावशी हॉलवर परतली तेव्हा वर्ग सुटला होता. चिमणी एकटीच कॅसेट लावून नाचत होती. भिंतीवर कर्णा, खाली लाकडी जमीन, आणि तिच्या बुटांचा टकटकाट. काकांनी महिन्यापूर्वी तिला एकेक गाणं कॅसेटवर उतरवून दिलं होतं. एक चार तारखेच्या कार्यक्रमातलं, रेडिओ केंद्राच्या तबकडीवरून घेतलेलं. दुसरं पंचवीस तारखेच्या टेपेवरून. गाणं तेच. काकांचा हेतू असा की बँडने तीन आठवड्यांत वेग किती वाढवला ते तिने पायांनी मोजावं.

पहिलं गाणं ऐन रंगात असताना चिमणी अडखळली. तिने कॅसेट थांबवली.

"या गाण्यावर माझा पाय का अडकतो तेच कळत नाही. ड्रमवाला एक ठोका चुकतो. माझं पाऊल हवेतच राहतं."

"चुकला असेल. थेट आहे ना."

"चुकू दे की. पण दुसऱ्यातही मी तिथेच अडखळते."

मावशीने पिशवी खाली ठेवली. "तिथेच म्हणजे?"

"बघ ना." चिमणीने दुसरं गाणं लावलं आणि मोठ्याने आवर्तनं मोजत नाचू लागली. एकोणिसाव्या आवर्तनात तिसऱ्या ठोक्याला पुन्हा तिचा तोल गेला. ठोका गळला होता, आणि त्यामागून लगेच एक बाई खळखळून हसली.

"पहिलं परत लाव," मावशी म्हणाली.

पहिल्यातही एकोणिसावं आवर्तन होतं, तिसरा ठोका गळला, आणि तीच बाई तशीच हसली.

माणूस एकच चूक पुन्हा करील. पण एक बाई तीन आठवड्यांच्या अंतराने त्याच क्षणी, तेवढंच, त्याच सुरात हसणार नाही. चार तारखेला वाजलेलं गाणंच पंचवीस तारखेला पुन्हा लावलं गेलं होतं. काकांना हेच सापडलं होतं, आणि त्यांना वाटलं होतं की कुणाचीतरी तारीख चुकली आहे.

मावशी खुर्चीत बसली. "चिमणे," ती म्हणाली, "त्या संध्याकाळी तू माझ्या घरी, माझ्या मांडीवर होतीस. रेडिओ चालू होता. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मीच सांगितलं की भावजी वाजवत होते, मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या जबाबाखाली माझी सही आहे."

४

निवेदक तळमजल्यावर लेकीकडे राहत. उजवा पाय लुळा, हातात काठी, पण आवाज अजून भरदार होता. मावशीने कॅसेट लावली नाही. नुसतं विचारलं, "पंचवीस तारखेला बँड स्टुडिओत होता का?"

"होता तर! मीच घोषणा केली. थेट प्रक्षेपण—"

"काकांनीही तुम्हाला हेच विचारलं होतं ना? काका गेले. माझ्या भाचीवर आळ आहे."

म्हाताऱ्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नव्हता," ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला. "मास्तर दुपारी आला. म्हणाला, बायकोला बरं नाही, आज निभावून ने. आम्ही दर कार्यक्रमाची तबकडी करून ठेवायचो. मी चार तारखेची लावली आणि थेट म्हणून सांगितलं. असं आम्ही एक-दोनदा केलं होतं. वादकांना सुट्टी मिळाली, ते खूश. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याची बायको गॅलरीतून पडून वारली. मग तो माझ्याकडे आला. म्हणाला, मी स्टुडिओत होतो असं लिहून दे, नाहीतर केंद्राने श्रोत्यांना फसवलं हे बाहेर येईल आणि पहिली तुझी नोकरी जाईल. मी सही केली. बाकी वादकांना कोणी विचारलंच नाही. सगळ्यांनी अपघातच धरला होता."

"तुम्हाला कधी शंका आली नाही?"

"आली ना. शंका आली की मी बातम्या आणखी मोठ्याने वाचायचो."

मावशी उठली. दारापाशी तिला आठवलं. "काकांकडे फिरत होती ती तुमच्याच केंद्राची चार तारखेची तबकडी. सुई सुरुवातीलाच अडकली होती, म्हणे."

"कुठे अडकली होती?"

"बाहेरच्या कडेला."

"मग ती सुरुवात नव्हे," निवेदक म्हणाले. "दुकानातल्या तबकड्या बाहेरून आत जातात. केंद्राच्या तबकड्या उलट. सुई आत, लेबलापाशी ठेवायची. कडेला आली की कार्यक्रम संपला. पंधरा मिनिटं पूर्ण."

५

मावशीने फौजदाराला गाठलं आणि त्याच्यासमोर एकेक गोष्ट ठेवली.

"सुई उडाली नव्हती. तबकडी दहाला लागली आणि सव्वादहाला संपली. काका दहाला पडले याला आता काडीचा आधार नाही. मग दहाला कोण कुठे होतं हे विचारून उपयोग काय? आता कापूस बघ. घरात कापूस नाही. काकांना जखम नाही, तोंडात दात नाही. दाढ काढली की डॉक्टर काय करतात?"

फौजदाराचा हात स्वतःच्या गालाकडे गेला. "बोळा दाबून धरायला सांगतात. अर्धा तास."

"काकांनी फोन केलेल्या त्या तिघांत दाढ कोणी काढली? दहा वाजून दहाला दवाखान्यातून निघालेला माणूस पाच मिनिटांत काकांकडे पोचतो. तोंडात बोळा असताना बोलता येत नाही, म्हणून तो काढून टोपलीत टाकतो. कधी? दहाच्या आधी तर नाही, कारण साडेनऊपर्यंत दाढ जागेवर होती आणि नंतर तो खुर्चीत होता. आणि तो आला तेव्हा काका मरून पडलेले असते तर त्याने आरडाओरडा केला असता. तुला मात्र त्याने सांगितलं की मी तिकडे गेलोच नाही. ज्या दाखल्याने तो सुटला, त्या दाखल्यानेच तो आत जाणार."

"पण कारण, बाई? एका तारखेसाठी?"

मावशीने कारण सांगितलं. सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

चिमणीला घरी ठेवायचं तिच्या मनात होतं. पण चिमणी बूट घालून दारात उभी होती. "मी येणार," ती म्हणाली.

मास्तर घरीच वाद्यं दुरुस्त करत. टेबलावर एक ट्रम्पेट उघडून पसरलेलं होतं आणि ते झडपांना तेल देत होते. गाल अजून सुजलेला होता. मावशी, चिमणी आणि मागे फौजदार पाहून त्यांनी तेलाची बाटली बूच लावून बाजूला ठेवली.

"भावजी," मावशी म्हणाली, "टेप कुठे आहे?"

त्यांनी नाही म्हणायचा एक प्रयत्न केला. मग मावशीने सुई, कापूस, निवेदक आणि ते हसू, सगळं क्रमाने सांगितलं. तिने आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर मास्तरांनी खालचा खण उघडून टेप टेबलावर ठेवली.

"जाळणार होतो," ते म्हणाले. "पण माझ्या बँडचं एवढंच राहिलंय."

"काकांचं काय झालं?"

"त्याने आठवड्यापूर्वी फोन केला, तेव्हा आठवत नाही म्हणून टाळलं. मग दाढ काढायला जायचंच होतं म्हणून म्हटलं, तिथून येतो, टेप ऐकतो. तो आनंदात होता. म्हणाला, मास्तर, रविवारी सगळ्यांना सांगतो, केंद्राने कशी गंमत केली ती. त्याला काही माहीत नव्हतं. ती नुसती गंमतच वाटत होती त्याला. मी म्हटलं, रविवारचं राहू दे. तो म्हणाला, छे, छे, खरी तारीख लोकांना कळलीच पाहिजे. मग मी म्हटलं, आमची जुनी कार्यक्रमपत्रकं तुझ्या माळ्यावर असतील तर काढ, तारीख पडताळू. त्याला चक्कर येते हे माहीत होतं मला. म्हटलं, भिऊ नकोस, शिडी मी धरतो."

फौजदाराने लिहिणं थांबवलं होतं.

"आणि ताई?" मावशीने विचारलं.

"ती दुसऱ्या बँडकडे निघाली होती. पोरीला घेऊन. मी घरी राहिलो ते तिला समजवायला. खरं सांगतो, समजवायलाच. ती म्हणाली, तुमच्याशिवाय मी गाईन, माझ्याशिवाय तुम्ही वाजवून दाखवा." ते ट्रम्पेटकडे बघत होते. "गॅलरीत होतो आम्ही. एकच धक्का. मग आत आलो तर शेजारच्यांच्या रेडिओवर आम्हीच वाजत होतो."

चिमणी इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"बाबा, त्यात ती हसणारी बाई कोण?"

मास्तरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"तुझी आई," ते म्हणाले. "ड्रमवाला चुकला की तिला हसू आवरायचं नाही."

६

मास्तरांना काकांच्या खुनाची शिक्षा झाली. ताईच्या मृत्यूची छत्तीस वर्षांपूर्वीची कागदपत्रं वाळवीने खाल्ली होती. तो खटला उभा राहिला नाही. मावशीने तरी ठाण्यात जाऊन नवा जबाब लिहून दिला, की तेव्हा मी जे ऐकलं ते थेट नव्हतं, मी चुकले. फौजदाराने तो घेतला आणि कोणत्या फायलीत लावावा ते न कळून नवी फाईल केली.

पुतण्याने खोली रिकामी केली नाही. तबकड्या कशा हाताळायच्या हे विचारायला तो निवेदकांकडे जाऊ लागला होता. म्हाताऱ्यालाही कोणीतरी हवंच होतं.

चिमणीने दोन महिने हॉल बंद ठेवला. मास्तरांना ती भेटायला गेली नाही. एका दुपारी ती मावशीकडे आली, स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, आई नाचायची का?"

मावशी भांडी पुसत होती. इतक्या वर्षांत ताईची एकही गोष्ट तिने धड सांगितली नव्हती, कारण प्रत्येक गोष्टीत कुठेतरी भावजींचा तापट स्वभाव यायचा आणि तिला वाटायचं, पोरीला निदान बाप तरी उरू दे.

"छे गं," ती म्हणाली. "गळा सोन्याचा, पाय लाकडाचे. एकदा मला धरून शिकवायला लागली आणि आम्ही दोघी आईच्या पिठाच्या डब्यावर जाऊन आदळलो."

"मग?"

"मग काय? दोघी पांढऱ्या."

"आणि आजी काय म्हणाली?"

मावशीने फडकं खांद्यावर टाकलं, दुसरं स्टूल ओढलं आणि समोर बसून ती सांगू लागली.